आठव्या मजल्यावरचं मटण

गाव सोडलं त्या सकाळी मी गाडीत बसलो आणि माझ्या मांडीवर माझा गंज बसला. गंज म्हणजे मटण शिजवायचं मोठं पातेलं, बुडाला कोळशासारखं काळं. मुलगा प्रमोद म्हणाला, "बाबा, पुण्यात सगळं आहे." मी म्हटलं, "मग मला तरी कशाला नेतोस?" भंडाऱ्यापासून पुण्यापर्यंत गंज मांडीवरच होता.

कौसल्या, माझी बायको, नुकतीच गेली होती. माळकरी बाई, मटणाला जन्मात शिवली नाही. थंडी पडली की मी अंगणात तीन दगडांची चूल मांडायचो आणि ती उंबऱ्यात पाठ करून, नाकाला पदर लावून बसायची. बघायची नाही, पण हुकूम सोडायची. "आच कमी करा न जी, बुडाला लागून राहिलं." नाक झाकलेल्या बाईला हे कसं कळायचं, देव जाणे. आयुष्यभर ती मला मटण सोडा म्हणत राहिली आणि मी काही सोडलं नाही. ती गेली आणि सुटलं. नवस वगैरे काही नाही, घास घशाखाली उतरेना एवढंच. तिला हे कळलं तर म्हणेल, हे ठाऊक असतं तर आधीच मेले असते.

तुम्ही गाववाले फोनवर विचारता, पुण्यात करमते का. पुण्याच्या कडेला मांजरी म्हणून भाग आहे, तिथे आठव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे न बघता आपापल्या चपला बघतात. थंडी आपल्याहून अर्धी, पण लोक कानटोपी घालून असे दूध आणायला निघतात जसे हिमालयात चाललेत. माझ्यासारखे जे पोराकडे येऊन पडलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

यंदा बिल्डिंगमागे उरलेल्या उसावर धुकं उतरायला लागलं तसं प्रमोद म्हणाला, "बाबा, थंडीचं मटण करा ना." मी म्हटलं, "करतो. खाईन असं नाही."

रविवारी सकाळी गंज काढला. सून मुग्धा पुण्याचीच, बोलणं मोजून. तिने कुकर पुढे केला. "चार शिट्ट्या, काम संपलं." मी म्हटलं, "शिट्ट्या मारून कामं करायला मटण काय ट्रॅफिक पोलीस आहे?" ती म्हणाली, "ठीक. गॅसचं बिल गंजाच्या नावाने मागवते."

कांदा आणि सुकं खोबरं गॅसवरच भाजलं, खसखस वाटली, गंजावर पाण्याची परात ठेवली आणि आच अगदी बारीक केली. दर थोड्या वेळाने माझी मान मागे वळायची. मागे फ्रिज.

दुपारपर्यंत वास बिल्डिंगभर गेला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, "सुवास उत्तम आहे. आम्हाला त्याचा उपयोग नाही. कृपया खिडकी लावावी." खिडकी लावली तोवर बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची हिराबाई, हातात भाकरीची चवड. आमची बिल्डिंग हिच्याच उसाच्या रानावर उभी आहे. "आवं, तुमच्या किचनखाली आमची इहीर व्हती," म्हणाली. "त्या नात्यानं आले. रस्सा हाय का?"

सगळे जेवायला बसले. मी वाढत राहिलो. प्रमोदच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखट झालंय म्हणाला. हिराबाईने पहिला घास तोंडाशी नेऊन थांबवला. "म्हातारबा, तुमी का नाय बसत? शिजवणाराच खाईना, म्हंजी ह्यात काय कालवलंय?"

मग बसावं लागलं. अब्रूचा प्रश्न होता. एक घास घेतला. उतरला. दुसराही उतरला. मला माझाच राग आला, आणि मी अजून रस्सा वाढून घेतला.

हिराबाई गेल्यावर मी टॉवेल उचलला. मुग्धा म्हणाली, "बाबा, अंघोळ सकाळी झाली ना?"

"मटण खाल्लं की अंघोळ केल्याशिवाय तुझी सासू घरात घेत नव्हती. थंडीत, विहिरीवर. मग दार उघडायची."

"पण तुम्ही घरातच आहात."

खरं होतं. टॉवेल खांद्यावर टाकून मी तसाच उभा राहिलो. आत होतो, पण आत घेणारं कोणी नव्हतं.

मुग्धाने गिझर लावला. मग म्हणाली, "करा अंघोळ. हात साबणाने घासा. तोवर सोफ्यावर बसायचं नाही, आणि रिमोटला तर हातच लावायचा नाही."

अंघोळ करून आलो तर ती हॉलच्या दारात आडवी उभी. "हात दाखवा." दाखवले. तिने वास घेतला. "येतोय अजून. परत जा."

घर म्हणजे काय, हे चौथी शिकलेल्या माणसाने सांगू नये. पण आत घ्यायच्या आधी जिथे आपल्याला कोणीतरी दारात अडवतं, ते असावं. गावच्या घराची किल्ली राहू द्या तुमच्याकडेच, अधूनमधून झाडून घ्या. मी परत हात धुवायला गेलो.