टंगस्टनवरचं बोट

आप्पा केळुसकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या बाजारात आल्याच्या भावावरून घासाघीस करत होते. "बरं," एवढंच म्हणाले आणि आलं घेतलं. घरी येऊन चहा केला, तोही नेहमीसारखाच. रडू आलं नाही. आता महिना होऊन गेला, अजून आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायचं असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं.

वागळे इस्टेटमध्ये आप्पांचा ब्रेझिंगचा कारखाना. दोन धातूंच्या मध्ये मिश्रधातूची पातळ पट्टी ठेवायची, निर्वात भट्टीत ती वितळवायची आणि दोघांना जोडायचं, हे तिथलं काम. धातुशास्त्र शिकून मी त्यांच्याकडे लागले आणि बरीच वर्षं राहिले. माणूस कामात तयार होता, हे नाकारत नाही. पंपाच्या आवाजावरून भट्टीची गळती ओळखायचे. पण स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की या माणसाला हमखास खोकला यायचा.

मग ते मोठं काम आलं... सूर्याच्या पोटात चालतं तसं अणूंचं मीलन घडवून वीज करू पाहणाऱ्या अणुभट्टीचं. तिच्या आतल्या बाजूची आच सोसायला टंगस्टन, आणि मागून पाणी खेळवून ती काढून न्यायला तांबं. दोघांचं मुळात पटत नाही. तापलं की तांबं ऐसपैस पसरतं, टंगस्टन जागचं हलायला तयार नसतं, आणि निवताना सांधा तडकतो. म्हणून मध्ये मऊ, शुद्ध तांब्याचा थर द्यायचा. तो किती जाड हवा, भट्टी किती सावकाश निववायची, हे सगळं मी बसवलं होतं. नमुना पास झाला असता तर त्या कामावर माझं नाव लागणार होतं. मला तेवढंच हवं होतं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी टंगस्टनचे तुकडे धुऊन, हातमोजे घालून ट्रेमध्ये लावले. धुतलेल्या तुकड्याला उघडं बोटही लागता कामा नये, नाहीतर तेवढ्या जागी पट्टी वितळते पण धरत नाही. नवमीला आप्पांनी यंत्रांची पूजा केली. दसऱ्याची सुट्टी संपवून मी आले, तोवर त्यांनी स्वतःच जुळणी करून भट्टी लावलेली होती. तपासणीत एक सांधा बरोबर मधोमध सुटलेला निघाला. काम देणारे साहेब समोर उभे. आप्पा खोकले आणि म्हणाले, "धुण्यात राहून गेलं. ते नाडकर्णी मॅडमकडे होतं."

साहेब गेल्यावर विचारलं, "मी धुतलेल्यात काय राहिलं, आप्पा?"

"अगं, पूजेला त्यातल्या एका तुकड्याला कुंकवाचं बोट लावलेलं मी. एवढं मोठं काम, देवाला दाखवायला नको? पुसलं की लगेच रुमालाने!"

"मग तसं सांगा त्यांना."

"वेडी आहेस का? एवढ्या शिकलेल्या माणसांना कुंकू सांगू? हसतील कारखान्याला."

दुसरा नमुना माझ्याच पद्धतीने झाला आणि पास झाला. त्यावर नाव आप्पांचं लागलं. मी नोकरी सोडली. दरवर्षी दसऱ्याला त्यांचा फोन यायचा, आणि दरवर्षी मला मूर्खासारखं वाटायचं की आज सांगतील, साहेबांना कळवलं म्हणून. कल्याणला पाणी येतं का, गुडघे कसे आहेत, सगळं विचारायचे. मग खोकायचे... आणि फोन ठेवायचे. त्या खोकल्याचा मला आजही संताप येतो.

शोकसभा कारखान्याच्या गच्चीवर झाली. सचोटीचा माणूस, असं तिघा-चौघांनी सांगितलं. मी फुलं वाहिली आणि खाली उतरले. खाली पाळी चालूच होती. धुलाईच्या खोलीत सुपरवायझर बाई शेजारणीला दटावत होत्या, "ए, परत धू ते. नाडकर्णी करायचीय का?"

"नाडकर्णी म्हणजे?" मी दारातूनच विचारलं.

"आमच्यात तसंच बोलतात हो. घाण राहिली न् सांधा सुटला की नाडकर्णी झाली. आप्पांचाच शब्द. कोणी मॅडम होत्या म्हणे, मी नाही बघितलं त्यांना." मग हातमोजा काढत त्यांनी विचारलं, "तुम्ही आप्पांच्या कोण? नाव काय तुमचं?"

"नाडकर्णी," मी म्हणाले. "आणि ते कुंकू होतं."