फिकट लाकडी जमिनीवरचे हळदीकुंकू

भाटघरच्या पाण्याकाठी आणि वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर पुण्याच्या लोकांनी घरे बांधली आहेत. त्या घरांच्या बैठका आखणे हा माझा व्यवसाय. त्यांतल्या अनेकांना ‘मिडसेंच्युरी मॉडर्न’ हवे असते: बुटकी आसने, निमुळते होत बाहेर झुकलेले पाय, नक्षीला मज्जाव, मोठ्या काचा आणि खाली फिकट लाकडाची जमीन. इतरांसाठी वर्षानुवर्षे मांडलेली ती बैठक आपल्याही घरी असावी, ही इच्छा मी मनात बाळगून होतो. पत्नीची नजर मंदावत गेली तेव्हा मला त्यासाठी कारण मिळाले. उत्रोलीच्या आमच्या घरातली शहाबादी फरशी काळपट. त्या फरशीवर पडलेली वस्तू पत्नीला दिसेना. डॉक्टरांनी सांगितले होते की गेलेली नजर परत येणार नाही. चेहरे तिला ओळखू येत नसत, पण गडद आणि फिकट यांतला फरक अजून कळत होता. फिकट जमीन घालू, घर उजळेल, असे मी म्हणालो. तिला कसे दिसते हे मात्र मी तिला विचारले नाही.

बैठक तयार झाली. ओकच्या फिकट पट्ट्या, त्याच लाकडाचा कोच, त्याच लाकडाचे टेबल, भिंती सायीच्या रंगाच्या. फोटो फार सुरेख आले. पहिल्याच सकाळी पत्नी टेबलाच्या झुकलेल्या पायाला अडखळली आणि तिची नडगी सोलवटली.

“लागलं का?” मी धावत गेलो.

“टेबल कुठं आहे ते आधी सांगा. मग लागलं का ते विचारा.”

मी हळद लावत असताना ती शांतपणे म्हणाली, “खोली छानच असेल हो. पण मला दुधात साखर शोधल्यासारखं होतं.”

ती रागावली असती तर मला सोपे गेले असते.

संक्रांत तोंडावर आली होती. आदल्या वर्षीच्या हळदीकुंकवात माझ्या बहिणीने तिचा दंड धरून तिला बायकांसमोर फिरवले होते. ते तिच्या मनाला लागले होते, हे मला तिच्या बोलण्यातून आत्ता कळले.

“या वर्षी हळदीकुंकू मी एकटी लावणार,” ती म्हणाली. “कुणी हात धरायचा नाही. तुम्ही तर नाहीच.”

मी कामाला लागलो. कोचाचे आणि खुर्च्यांचे पाय काळपट रंगवून घेतले, टेबलाचे झुकलेले पाय काढून सरळ बसवले. भिंतीच्या तळाशी गडद पट्टी आली, हौसेने आणलेला गालिचा माळ्यावर गेला. प्रत्येक बदल तिच्या चालण्यावर तपासला. ती चाले, मी दाराशी उभा राही. अडखळली तरी पुढे यायचे नाही, ही तिची अट. सगळ्या कामात मला तीच अवघड गेली. पुस्तकी नियमाने पाहिले तर ती खोली आता बिघडली होती. फिकट जमिनीवर ते काळे पाय मुंगळ्यांसारखे दिसत. मी एकही पुन्हा उजळ केला नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी आळीतल्या बायका संक्रांतीच्या काळ्या साड्या नेसून आल्या. शेजारच्या काकूंनी आपली गडद निळी सतरंजी काखेत आणली होती.

“वैनी, हातरू का? एवढी गुळगुळीत जमीन, आमच्या पायानं खराब व्हायची.”

“नको. तशाच बसा.”

“लई गार लागंल ओ.”

“लागू दे. सतरंजीवर बसलात तर तुम्ही मला दिसणार नाही.”

मग कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, “मंग गुंडाळा गं ती. आमी आधीच काळ्या, वरनं साडी बी काळी. आमी न्हाई दिसनार तर कोन दिसंल?”

बायका हसत जमिनीवर बसल्या. फिकट लाकडावर त्यांची ओळ स्पष्ट उमटली. पत्नी पंचपाळे घेऊन निघाली. एकेका काळ्या आकाराशी वाकायची, पंचपाळे खाली ठेवायची, डाव्या हाताने हनुवटी चाचपायची आणि मग बोट कपाळावर टेकवायची. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो.

ओळीच्या शेवटी काकूंची नवी सून बसली होती, बदामी साडीत. पत्नी तिच्यासमोरून तशीच पुढे गेली. मी नकळत एक पाऊल बैठकीत टाकले. लाकूड करकरले.

“अहो, मागे व्हा,” पत्नी मान न वळवता म्हणाली.

“मावशी, मी ऱ्हायले की,” सून हळूच म्हणाली.

पत्नी थांबली. तिच्या हातातले पंचपाळे किंचित कलले. तिला ज्याची धास्ती होती, नेमके तेच सगळ्यांसमोर घडले होते.

“कुठं आहेस?”

“हितं. डाव्या हाताला.”

पत्नी वळली, वाकली, सुनेचा पदर चाचपून डोळ्यांशी नेला. “बदामी होय गं! जमिनीच्या रंगाची साडी नेसून आलीस, माझी परीक्षा घ्यायला?”

“सासूनंच दिली आसंल,” आजी म्हणाल्या, “सून हरवाया!”

हसण्याच्या त्या गलक्यातच पत्नीने तिला हळदकुंकू लावले. मग तिळगूळ आणि वाण वाटायलाही ती पुन्हा एकटीच निघाली.

सगळ्या गेल्यावर पाहिले तर जमिनीवर कुंकू सांडले होते. खोलीभर लाल ठिपक्यांची वाकडीतिकडी वाट उमटली होती. मी फडके घेऊन वाकलो.

“राहू द्या,” ती म्हणाली. तिला ते दिसत होते. “मी कुठून कुठं गेले ते मला उद्या उजेडात बघायचं आहे.”

ओकवर कुंकवाचा डाग बसतो, हे मला ठाऊक होते. मी फडके जागेवर ठेवले.