चांगला टिकाऊ पंखा

आमच्या घड्याळाला दिल्लीत अजून भिंत मिळालेली नाही. ते फ्रीजवर टेकवून ठेवलेलं असतं आणि फ्रीजचं दार कोणी जोरात लावलं की आडवं होतं. लक्ष्मीबाई नगरच्या या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही आलो तेव्हा नवऱ्याची बदली तीन वर्षांसाठी होती, आणि तेवढ्यासाठी भिंतीला खिळे कोण ठोकतं? मुलगी तेव्हा बालवाडीत जात होती. आता ती दहावीला आहे आणि घड्याळ फ्रीजवरच आहे.

मला पुण्याला परत जायचं होतं. हे मी कधी आडून आडून सांगितलं नाही, तोंडावर सांगितलं, भांडून सांगितलं. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते. तिचे गुडघे गेलेत आणि मी तिची एकुलती एक. दर वर्षी बदल्यांचे दिवस आले की आम्ही निघणारच असायचो, आणि दर वर्षी कुठेतरी माशी शिंकायची. दरम्यान घरात काहीही आणायचं म्हटलं की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं, 'आता कशाला, पुढच्या वर्षी तर जायचंच आहे.' पडदे त्यात गेले, पुस्तकांचं कपाट त्यात गेलं. मी चिडायचे, पण मनातून मला ते उत्तर आवडायचं. त्यात जाण्याची खात्री होती.

मी घरी बसून पुण्याच्या एका प्रकाशकासाठी पुस्तकांची पानं लावते, छपाईसाठी मजकूर पानांत बसवून देते. कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे, पश्चिमेच्या खिडकीशी. मे महिन्यात ती खिडकी उघडायची सोय नसते. बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत असतो, आणि बाहेरच्या खोलीतल्या कूलरची हवा माझ्यापर्यंत येता येता दमून जाते. तर अशा खोलीत मी दुपारभर दार लोटून बसते, कारण दार उघडं असलं की घरातला प्रत्येक जण मला रिकामी समजतो.

त्या मे महिन्यात कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायला लागला. पानाच्या मधोमध, कसलीही सूचना न देता, पडदा काळा. आधी मला वाटलं वीज गेली, पण डोक्यावरचा पंखा फिरतच होता. कॅबिनेटला हात लावला तर चटका बसला. थोडा वेळ थांबलं की सुरू व्हायचा, आणि जरा काम झालं की पुन्हा तेच. केलेलं काम अर्धं जायचं आणि माझं डोकं त्याच्याहून जास्त तापायचं. मुलीने मागून वाकून बघितलं आणि निदान केलं. "आई, त्याला हवाच मिळत नाहीये यार. मागे एक फॅन बसतो ना, तो बसवलाच नाहीये. आतल्या आत गरम होतोय बिचारा." मला त्या बिचाऱ्याचा जरा हेवाच वाटला. त्याची तक्रार निदान कोणाला कळत तरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा पोहे खात होता. मी म्हटलं, एक पंखा लावावा म्हणते. आपल्या भाषेत पंखा लावणं म्हणजे बटण दाबणंही आलं आणि नवा बसवणंही आलं. मुलगी दाराशीच उभी होती. तिने हात लांब करून बटण दाबलं. वरचा पंखा गरगरला आणि टेबलावरची छापील पानं खोलीभर झाली.

"अगं, तो नाही," नवरा म्हणाला, "ती कॉम्प्युटरबद्दल बोलतेय." मग माझ्याकडे न बघता, पोह्यांतली मिरची बाजूला काढत म्हणाला, "लाव की. चांगला टिकाऊ बघून घे."

मी पानं गोळा करत होते, ती तशीच हातात राहिली. त्याने ऐकलं नव्हतं असं नाही. नीट ऐकलं होतं, मुलीची चूकही दुरुस्त केली होती, आणि तरी तो 'आता कशाला' म्हणाला नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली. टिकाऊ कशासाठी, असं मी विचारलं. त्याने आणखी एक मिरची बाजूला काढली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला की यंदा दहावी, मग अकरावी-बारावी, मध्येच शाळा बदलणं बरं नाही. त्याने मुदतवाढ मागितली होती. आणि ती मिळालीही होती.

मी भांडले. मला न विचारता माझं इथलं आयुष्य परस्पर वाढवून घेतलंस, असं म्हटलं. तो सांगायची योग्य वेळ शोधत होता म्हणे. मुलगी खाली बघत राहिली. तिलाही माहीत होतं, हे मला तिच्या मानेवरूनच कळलं. मग तो ऑफिसला गेला, ती शाळेत गेली आणि मी त्या खोलीत राहिले. काम द्यायचं होतं आणि कॉम्प्युटर बंद पडत होता, म्हणून ऊन डोक्यावर यायच्या आत मी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन पंखा घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "मैडम, हवा अंदर लेनी है या बाहर फेंकनी है?" मी म्हटलं, बाहर. तो म्हणाला, पंखा तोच असतो, फक्त तोंड कुठे करायचं ते तुम्ही बघा.

घरी येऊन मी वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं. आत धुळीचा थर होता, जुन्या गोधडीच्या कापसासारखा. रंगाच्या ब्रशने तो काढला, मागच्या जाळीला आतून पंखा चार स्क्रूंनी बसवला, त्याची वायर मदरबोर्डवर जिथे जात होती तिथे खुपसली. सुरू केला. फिरला. हवा कुठे जातेय ते बघायला देवापुढची उदबत्ती आणून मागे धरली, तर धूर सरळ आत निघाला. मी तोंड उलटं लावलं होतं. बाहेरचं सगळं आत घेणारं. पुन्हा बंद केला, स्क्रू काढले, फिरवून बसवला. या वेळी धूर लांब गेला, खिडकीपर्यंत गेला आणि बंद काचेला लागून खोलीत परत पसरला.

कॉम्प्युटर त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही. मी मुकाट्याने पानं लावत राहिले. त्याच्या पोटातली गरम हवा आता काचेला लागून माझ्या पायांवर यायची.

आईला सांगायचं मला जिवावर आलं होतं. रविवारी सकाळी फोन केला, इकडचं तिकडचं बोलले, पापड झाले का, बाई येते का, आणि मग एका दमात सांगून टाकलं की यंदाही नाही, आणि पुढची काही वर्षंही नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती शांत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर रागावू नकोस. त्याने मला आधी विचारलं होतं. मीच म्हटलं, तिला आणू नका."

आई सांगत राहिली. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं तिने वर्षानुवर्षं केलं, ते मी पाहिलेलं होतं. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं तरी आजी जागी आहे की झोपलीय ते बघून जावं लागायचं. लग्नकार्यात आई कधी पंगत उठेपर्यंत थांबली नाही. मी पुण्याला आले तर माझंही तेच होणार, आणि ते तिला बघवणार नाही. "तिथे तुझं काम आहे, घर आहे, माणसं आहेत. इथे आलीस की माझ्यात अडकशील. मी तुला सोडवलंय, असं समज."

तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. सगळ्यांनी मिळून माझं भलं केलं होतं आणि त्यात मला कोणी धरलंच नव्हतं. समोर अर्धवट लावलेलं पान होतं, खिडकी बंद होती.

"अगं, अडकलेली तर मी इथेही आहे," मी शेवटी म्हणाले. "कुठेतरी अडकायचंच आहे, तर मग तुझ्यापाशी का नको?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आई बसली. तिने फोन ठेवला नाही.