टायर गॅस पितात, मामा!

मामाने गाडीला चार नवे टायर बसवले आणि माझी वाट लागली. जुने पार गुळगुळीत झाले होते, पावसात घसरायचे, बदलायला हवेच होते. पण हे रुंद, जाडजूड, ट्रॅक्टरसारखे! कशाला? तर गणपतीत गावच्या चिखलात गाडी रुतू नये म्हणून. गावाला वर्षातून एकदाच जातो ना आपण! बाकी वर्षभर मी तीच गाडी मरोळ ते वाकोला भाड्याने फिरवतो.

टायर आले आणि गॅस पुरेना. सकाळी टाकी फुल, दुपारी लाल दिवा. एसी बंद केला, पॅसेंजरने शिव्या घातल्या. सिग्नलला इंजिन बंद केलं, मागच्यांनी घातल्या. हवा तर रोज तपासायचो.

गॅसचा खर्च बघून मामाला वाटलं, भाचा गाडीतून मुली फिरवतो. अहो, माझं तोंड बघून मुली रिक्षा पकडतात!

एक दिवस तो मरोळच्या गॅस पंपाच्या रांगेतच आला. हात पुढे केला. "चावी दे. उद्यापासून गाडी दुसरो चलयतलो. तू गावाक जा."

गावी जाऊन काय करू? शाळेत सरांच्या नकला करून टाळ्या मिळवल्या, मार्क नाही. गाडी गेली की मामाने दिलेली दिंडोशीची खोलीपण गेली. "मामा, आईशप्पथ, हे टायर गॅस पितायत रे." डोळ्यात पाणी आलं.

मामा म्हणाला, "आता ही कोणाची नक्कल?"



तेवढ्यात रांग सरकली. रांगेत इंजिन कोणी चालू करत नाही, गॅस वाचवायला सगळे गाडी हाताने ढकलतात. जुन्या टायरवर मी एका हाताने ढकलायचो, दुसऱ्या हातात वडापाव.

"मामा, एकदाच तू ढकल ना," म्हटलं आणि स्टेअरिंगवर बसलो.

मामाने रेटली. गाडी जराशी हलून थांबली.

"ब्रेक सोड रे मेल्या!"

"सुटलाय!"

त्याने खिडकीतून डोकं घालून हँडब्रेक बघितला. खालीच होता. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, जेवला नाय काय?" मामाने खांदा लावला. गाडी दोन हात सरकली आणि मामा डिकीवर आडवा. धापा टाकत टायरकडे बघत राहिला.

"गणपतीपर्यंत ह्येच टायर ऱ्हवतले," शेवटी म्हणाला.

"आणि गाडी?"

"मगे ढकलतलो कोण? मी?"

मी उतरून मागे गेलो. पंप अजून लांब होता.