बधिर करणारे थेंब

खुर्चीत बसायच्या आधीच तो मान मागं टाकायचा, दोन बोटांनी स्वतःचा डोळा फाकवायचा आणि म्हणायचा, "टाका, सिस्टर."

सोलापुरात अक्कलकोट रोडला त्याचं गेट आणि ग्रील करायचं दुकान होतं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली. ग्राइंडर चालवताना हा कधी चष्मा लावायचा नाही, त्यामुळे लोखंडाचा कण बुबुळात रुतवून घेऊन आमच्याकडे यायचा. मी बधिर करणारा थेंब टाकायचे, डॉक्टर सुईच्या टोकानं कण काढायचे.

असा माणूस तुम्हीही बघितला असेल, ज्याला दुसऱ्याचं दुखणं कधी खरं वाटत नाही. त्याच्याकडच्या एका कामगाराचा हात तापलेल्या पट्टीवर भाजला, तेव्हा हा त्याला म्हणाला होता, "हात हाय, लोणी न्हाय. चल, धर." हे त्यानंच आम्हाला हसत सांगितलं. ऐकून आम्हीही थोडं हसलो होतो.

त्या थेंबावर मात्र त्याचा जीव होता. आग होणारा डोळा बघता बघता शांत व्हायचा, याचं त्याला दर वेळी नवल वाटायचं.

"एक बाटली द्या की दुकानात ठिवायला."

"मिस्त्री, ही घरी न्यायची नसते. हिनं दुखणं थांबतं, जखम नाही. सारखी टाकली तर जखम भरतच नाही, बुबुळ सडतं. आताही तासभर डोळा चोळू नका. काही गेलं तरी तुम्हाला कळायचं नाही."

"द्यायची नसंल तर तसं सांगा की," असं म्हणून तो उठायचा.

शेवटी ओळखीच्या एका मेडिकलवाल्याकडून त्यानं बाटली मिळवली. हे आम्हाला कळलं ते त्याच्या धाकट्या भावामुळे.

या भावाला त्यानं मोडनिंबहून आणून वेल्डिंग शिकवलं होतं. एका सकाळी बायकोचा हात धरून तो आला. डाव्या डोळ्यावर टॉवेल दाबलेला. पापणी उघडता येईना, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एक थेंब टाकला. त्याचा आवळलेला चेहरा हळूहळू सैल झाला. बुबुळावर पांढरं कडं पडलं होतं.

"दादाबी हेच टाकतो माझ्या डोळ्यात," तो म्हणाला. "वेल्डिंगनं डोळं आलं व्हतं. दादा म्हनला, टाक आन काम कर. उतरलं की परत टाकतो."

डॉक्टरांनी मशिनमधून बघितलं आणि म्हणाले, "आता हा थेंब बंद. पूर्ण बंद."

तपासणी संपेपर्यंत बधिरपणा उतरायला लागला. त्यानं माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरलं. "सिस्टर, येकच टाका. पाया पडतो." मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं.

मागोमाग आलेला थोरला दारातच उभा होता. "नाटकं करतंय. ल्हानपणापास्नं असंच हाय ते."

"तुम्ही डोळा घालवलात त्याचा," डॉक्टर म्हणाले.

"दुकत व्हतं म्हणून टाकलं. भाऊ हाय माझा. दुकू द्यायचं व्हतं का?" मग म्हणाला, "शाळेचं गेटबी द्यायचं व्हतं."

धाकट्याला दाखल करून घेतलं. गोळ्या, औषधं, सगळं झालं. त्याचं कण्हणं बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू यायचं आणि थोरला तिथं येऊन बसायचा. आत कधी आला नाही. अखेर जखम भरली, पण बुबुळावर दाट पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याला फक्त उजेड कळतो.

पुढं बऱ्याच महिन्यांनी थोरला डोळ्यात कण घेऊन आला. खुर्चीत बसला, पण मान ताठच ठेवली. मी बाटली उचलली, तर त्यानं माझा हात बाजूला केला.

"थेंब नको. तसंच काढा."

डॉक्टर म्हणाले, "तसं काढता येत नाही, मिस्त्री. डोळा हलला तर सुई आत जाईल. इथं आमच्या हातनं एकदा टाकला तर काही होत नाही. तुम्ही बाटलीच खिशात घेऊन हिंडलात, त्यानं झालं ते."

"कळू द्या की मला."

"माझ्या खुर्चीत नाही."

तो उठला. डोळ्यावर रुमाल धरून जिन्याकडं निघाला. मी मागं गेले. "मिस्त्री, गंज धरेल बुबुळात. दुसऱ्या दवाखान्यात तरी जा."

तो पायरीवर थांबला. "सिस्टर, लई दुकतंय," म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. उलट, काहीतरी मिळाल्यासारखा तो बोलला आणि उतरून गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

आता दुकान धाकटा चालवतो. काचेचा मुखवटा लावल्याशिवाय कोणाला मशिनला हात लावू देत नाही. उरलेला डोळा तपासायला नेमानं येतो. मागच्या वेळी मी भावाचं विचारलं.

"टेंभुर्णीला हायवेवर कुणाच्या तरी गॅरेजात असतोय म्हणं," तो म्हणाला.

"आणि डोळा?"

"गेला म्हनत्यात."

"कुठला?"

"इचारलं न्हाय मी," तो म्हणाला आणि मशिनवर हनुवटी टेकवून डॉक्टरांची वाट बघत बसला.