झाकण आणल्याशिवाय रिंग मिळणार नाही

कट् असा आवाज आला आणि नखाएवढा काळ्या प्लास्टिकचा तुकडा उडून माझ्या मांडीवर पडला.

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मी कॉम्प्युटरचा मदरबोर्ड ठेवला होता आणि त्याच्या लांबट खाचेत मेमरीची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबत होते. पट्टी बसली नाही, खाच फुटली. मुलगा सोफ्यावरून उठला. त्याने तो तुकडा उचलला, खिडकीकडे धरून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"झालं समाधान? आता दुकानाची किल्ली दे."

कसब्यात माझं कुकर आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा मी ते हातात घेतलं, ते अजून सोडलेलं नाही. मुलगा दोन वर्षं किल्ली मागतोय. एरवी मी त्याला उत्तर देते. त्या दिवशी तो पुढे बोलला.

"तुझे हात आता ऐकत नाहीत, आई. आज हे फोडलंस. उद्या कुणाच्या कुकरला चुकीचा व्हॉल्व्ह बसवलास तर? तेव्हा काय सांगशील लोकांना?"

हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणून झोंबलं. सुनेने चहा ठेवला. आमच्यात वाजलं की ती चहा ठेवते.

मी म्हटलं, "थरथरत्या हातांनी खाच फुटत नाही. जोर होता म्हणून फुटली."

"शहाणपणा पुरे."

"पुढच्या रविवारपर्यंत हे मशीन माझ्या हातांनी चालू झालं नाही, तर किल्ली तुझी. झालं, तर तो विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की त्याला खात्री होती हे मला कळलं.

कॉम्प्युटर नातवासाठी नव्हता. मला नातूही नाही. कॉम्प्युटर माझ्यासाठी होता. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी मोबाईलवर ट्रक चालवायचा गेम खेळते. माल भरायचा, घाट चढायचा, वेळेत पोचवायचा. मोबाईल तव्यासारखा तापतो आणि नेमका वळणावर अडकतो. तोच खेळ मोठ्या पडद्यावर कसा दिसतो ते व्हिडिओत पाहिलं आणि ठरवलं, घ्यायचा. माझे पैसे, माझा वेळ. चौथीपर्यंत शिकले म्हणून ट्रक चालवू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

आदल्या दिवशी मी भाग आणायला गेले होते. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने आधी मला जोडून तयार असलेला कॉम्प्युटरचा डबा दाखवला. काच लावलेला, आत दिवे.

"सात रंग बदलतात, आजी. नातू खूश होईल."

"आकाशकंदील दिवाळीला लावते मी. आत काय आहे ते दाखवा."

"उघडायला सील तोडावं लागेल."

"मग असू दे. झाकण न उघडता मी कुकर घेत नाही, हे तर त्याहून महाग आहे. सुटे भाग द्या. आणि नातू नाही, मीच खेळणार आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पत्ते खेळायला मोबाईल पुरतो, आजी."

"ट्रक चालवायचाय."

मग मात्र त्याने स्टूल पुढे सरकवलं. माणूस बरा होता, फक्त आधी दिवे विकून बघायची सवय. त्याने नीट सांगितलं. प्रोसेसर म्हणजे डोकं. माझ्या पैशात चित्रं काढणारं वेगळं कार्ड बसत नव्हतं, म्हणून चित्रं काढायची सोय ज्याच्या पोटातच आहे असा प्रोसेसर घ्यायचा. मदरबोर्ड त्याच जातीचा लागतो, कारण प्रोसेसरच्या खालच्या पिना बोर्डाच्या भोकांत बसल्या पाहिजेत. पिना बसल्या म्हणजे काम झालं असंही नाही. बोर्ड जुना निघाला तर नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, त्याला आधी ओळख शिकवावी लागते.

"मग माझ्यासमोर बसवा आणि चालू करून दाखवा," मी म्हटलं.

त्याने प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि हात सोडला. प्रोसेसर आपला आपण खाली बसला. "जोर लावायचाच नाही," तो म्हणाला. हे मी कानांनी ऐकलं होतं. मग त्याने वर पंखा स्क्रूने घट्ट बसवला, स्वतःची मेमरी लावली आणि मशीन चालू केलं. पडद्यावर इंग्रजी आलं. ती अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात. खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरचे आकडे मी बोट लावून जुळवले.

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

"मेमरी देऊ ना? दोन पट्ट्या, आठ-आठ जीबीच्या. एक सोळाची घेण्यापेक्षा दोन बऱ्या, काम वाटून घेतात."

त्याने भाव सांगितला. मला जास्त वाटला. "मी बघते दुसरीकडे."

"मग कोणती घ्यायची ते लिहून देतो."

"आठच्या दोन. कळलं मला. एवढी पट्टी, पाहिली की आत्ता."

माझ्या दुकानात, गिऱ्हाईक उभं राहतं त्याच्या नाकासमोर पाटी आहे : झाकण आणल्याशिवाय रिंग मिळणार नाही. कुकरची रिंग तोंडी सांगून कुणी मागितली तर मी देत नाही. बायका म्हणतात, अहो, पाच लिटरची द्या, सगळ्या सारख्याच असतात. मी म्हणते, सारख्या दिसतात. झाकण आणा. कित्येक जणी चिडून गेल्या आणि झाकण घेऊन परत आल्या. तीच मी बोर्ड पिशवीत घालून, पिशवी बंद करून पुढच्या गल्लीत गेले आणि तोंडी मेमरी मागितली. तिथल्या दुकानदाराने दिली. लांबी तेवढीच, रंग तोच. भाव पाडून घेतला याचा मला घरी येईपर्यंत आनंद होता.

नवी रिंग झाकणात घट्टच बसते. अंगठ्यांनी दाबत दाबत गोल फिरायचं, नवीन आहे, होईल सैल. हे अंगठे इतकी वर्षं हेच करत आलेत. पट्टी अडली तेव्हा मला ती चुकीची आहे असं वाटलंच नाही. वाटलं, नवी आहे. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं, कट् आवाज आला की बसली. आवाज आला तेव्हा क्षणभर मी खूशही झाले होते.

सोमवारी दुपारी दुकान बंद करून बोर्ड त्याच्या चंदेरी पिशवीत घालून, दोन्ही पट्ट्या घेऊन मी बुधवार पेठेतल्या त्याच दुकानात गेले. दुकानदाराने पट्टी आणि बोर्ड शेजारी धरले. पट्टीच्या कडेला जी बारीक खाच असते ती बोर्डावरच्या उंचवट्यापासून काडीच्या डोक्याएवढी बाजूला होती. एवढंच.

"ही डीडीआर फाइव्ह, आजी, पुढच्या पिढीची. तुमचा बोर्ड डीडीआर फोरचा. लिहून देतो म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"जोर लावलात?"

"लावला."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "असं करू, आलाच असा फुटका म्हणून कंपनीकडे पाठवू. जमलं तर बदलून मिळेल."

"नको. कुकर जाळून आणणाऱ्या बायका मला सांगतात, आपोआप झालं. त्यांना मी काय बोलते ते तुम्ही ऐकलं नाहीत. मी फोडलंय. दुसरी खाच चालते का तेवढं बघा."

त्याने आपली पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. पंखा फिरला. पडदा काळाच. पुन्हा केलं. काळाच. रविवारी घरी जाऊन किल्ली काढून द्यायची, एवढं डोक्यात आलं. किल्ली दिली की मला सकाळी उठून जायला जागा नव्हती.

"चिमटा द्या तो," मी म्हटलं.

"आजी, राहू द्या."

"बर्नरच्या भोकातली काजळी काढते मी. द्या."

चष्मा कपाळावर चढवून मी डोळा खाचेला लावला. माझ्या डोळ्यांना लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं. चांगल्या खाचेत, अगदी टोकाला, फुटलेल्या खाचेचा एक कण जाऊन बसला होता. चिमट्याने काढला. हात हलला नाही. त्याने पुन्हा पट्टी लावली आणि आकडे आले.

"लागलं की," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. चिमट्यातला कण त्याच्या काउंटरवर ठेवला.

मेमरी दिलेल्या दुकानात गेले. तो म्हणाला, तुम्ही विचारलंच नाहीत. बरोबरच होतं, मी भांडले नाही. न लावलेली पट्टी बदलून त्याने डीडीआर फोर दिली, तीही मी बोर्ड काउंटरवर ठेवून, खाच जुळवून घेतली. दाबलेली पट्टी त्याने घेतली नाही, मीही घ्या म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी तेच टेबल, तेच वर्तमानपत्र. मुलगा हाताची घडी घालून उभा. मी बोर्ड डब्यात स्क्रूने बसवला, वायरी चित्र बघून लावल्या. शेवटी पट्टी. तिची खाच पाहिली, पट्टी उलटी धरली होती ती सुलट केली, टेकवली, दोन्ही टोकांना सारखी दाबली. दोन्ही टोकांचे चाप आपण होऊन मिटले. मुलाच्या ऑफिसातून आणलेला जुना पडदा जोडला आणि बटण दाबलं.

चालू झालं. सून म्हणाली, "अगं बाई!"

"आणि कुकरचं काय?" मुलाने विचारलंच.

"कुकर मी पाणी घालून, शिट्टी झाल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही. या पट्टीची तशी शिट्टी मी घेतली नव्हती. चूक ती होती. हातांची नव्हती."

"बरं."

त्यानंतर त्याने विषय काढलेला नाही. गेम चालतो. दोनाऐवजी एकच पट्टी आहे, त्यामुळे घाटातली झाडं जरा उशिरा उगवतात. मला घाई नाही. पाटीखाली मी दुसरी ओळ लिहून घेतली : हा नियम मालकिणीलाही आहे.

एक खाच गेली, एक पट्टी गेली. बोर्ड, प्रोसेसर, उरलेली पट्टी आणि मी वाचलो.