पाचव्या खेपेचा निकाल

कोलशेतच्या अभ्यासिकेत मी देखरेखीला होतो. मोठ्या कंपनीत नोकरी करायचीच, असं ठरवून सीएचा अभ्यास करणाऱ्या एक कोळीण ताई तिथे यायच्या. सकाळी मासे विकून आल्या की खिडकीशी बसून कायद्याची कलमं पुटपुटायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "हस रे, पण हळू. माझं कलम चुकतंय." चारदा नापास झाल्या, तरी दुसऱ्या दिवशी जागेवर हजर असायच्या.

पाचव्या खेपेला निकालाच्या दिवशी त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "दादा, तुम्हीच बघा."

"ताई, पास!" मी ओरडलोच. सगळी अभ्यासिका टाळ्या वाजवत उभी राहिली.

त्या मात्र नापास होऊन कोपऱ्यात रडत बसलेल्या एका मुलीजवळ गेल्या आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या.

"चल गं, पुस्तक काढ. आता तुझा नंबर."